पिवळं किती नारिंगी, त्यावर अंड्याचा भाव का ठरावा?

इंदूरमधे विजयनगरच्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमधे गेलं तर अंड्यांचं अख्खं शेल्फ लागलेलं असतं, देशी, हर्बल, फार्म फ्रेश, अमुक प्लस, तमुक गोल्ड, आणि सगळ्या डब्यांवर फोटो मात्र एकच, फोडलेलं अंडं आणि त्यात टच्च फुगलेलं जवळजवळ केशरी पिवळं. त्या सहा अंड्यांच्या पैशात कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून साधी अंडी जवळजवळ दुप्पट येतात, तरी डबे संपतात. घरी आणून फोडलं की फॅमिली ग्रुपवर फोटो पडतो, बघा रंग, हेच खरं अंडं, आणि मग रामबागेतल्या कोणा मावशीचं उत्तर येतं की आमच्या ठेल्यावरचं अगदीच फिकट निघालं हो, इंजेक्शनवाल्या कोंबडीचं असणार.

मी काही वर्षं देवासच्या बाजूला कोंबड्यांच्या फीडच्या धंद्यात काढलीत, त्यामुळे हे फोटो बघून मला हसूही येतं आणि रागही येतो. ते नारिंगीपण कोंबडीच्या तब्येतीतून येत नाही, फीडच्या गोणीतून येतं, विकत घेऊन घातलेलं असतं, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या डब्यावर पिवळ्याच्या रंगाचा फोटो किंवा दावा आहे त्यावर तो रंग कशाने आणला हे छापायची सक्ती हवी. रंग घालू नका असं मी म्हणतच नाही, खुशाल घाला, पण लिहा.

आधी हा रंग येतो कुठून ते बघू, कारण इथेच सगळा घोळ आहे. कोंबडी हा रंग स्वतःच्या शरीरात बनवूच शकत नाही. तो कॅरोटिनॉइड नावाच्या गटातल्या रंगद्रव्यांचा असतो, मुख्य म्हणजे ल्युटिन आणि झिॲक्झान्थिन, आणि ही फक्त खाण्यातूनच येतात, पिवळ्या मक्यातून, रिजका-बरसीमसारख्या हिरव्या चाऱ्यातून, गवतातून, झेंडूच्या पाकळ्यांतून. पिवळ्याचा माल कोंबडीच्या लिव्हरमधे तयार होतो, रक्तातून अंडाशयात जातो आणि वाढणाऱ्या पिवळ्यावर थरावर थर चढत जातो. अंडं घालायच्या आधीचे साधारण दहा दिवस हे काम जोरात चालतं, आणि त्या दिवसांत कोंबडीने जे खाल्लं ते त्या थरांत उतरतं. जुन्या शास्त्रज्ञांनी कोंबडीला एक दिवसाआड लाल रंगाची गोळी खाऊ घातली, अंडं उकडून मधोमध कापलं, तर आत लाल-पिवळी लाल-पिवळी कडी स्पष्ट दिसायची. आज फीड बदला, दोन-तीन दिवसांनी फरक दिसायला लागतो आणि दोन आठवड्यांच्या आत अख्खं पिवळं नव्या रंगाचं होतं, कोंबडी तीच, पिंजरा तोच, तब्येतही तीच.

आणि यात एक गंमत आहे जी डबेवाले कधीच सांगणार नाहीत. गाजरातलं बीटा कॅरोटिन, ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, ते पिवळ्याला रंग देण्यात अगदी कच्चं आहे, कारण कोंबडी त्याचा मोठा भाग आधीच व्हिटॅमिन ए मधे बदलून टाकते, आणि व्हिटॅमिन ए ला स्वतःचा म्हणावा असा रंग नाहीच. उलट जे ल्युटिन आणि मिरचीतलं कॅप्सॅन्थिन पिवळ्याला एवढं खुलवतात त्यांच्यापासून व्हिटॅमिन ए बनत नाही. म्हणजे ज्याचा दावा करायचा ते दिसत नाही आणि जे दिसतं त्याचा तो दावा करता येत नाही, आणि तरीही डब्यावर नारिंगी फोटोच्या बाजूला व्हिटॅमिनचं नाव छापून मोकळे.

फीडवाल्यांकडे एक पंखा असतो. हातपंखा नाही, रंगाच्या दुकानात शेड कार्ड असतं तसल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा, स्विस कंपनी रोशने काढलेला, आजच्या पंख्यात 1 ते 16 नंबर, 1 म्हणजे अगदी फिका आणि 16 म्हणजे गडद नारिंगी. अंडं पांढऱ्या ताटलीत फोडायचं, पट्ट्या पिवळ्याच्या अगदी जवळ धरायच्या, वरून बघायचं आणि नंबर लिहायचा, बस. पार्टीला 12 हवा की 14 हवा ते फोनवर सांगतात आणि त्याप्रमाणे फीडच्या टनामागे पिवळा रंग किती ग्रॅम आणि लाल किती ग्रॅम ते ठरतं. आधी झेंडूच्या अर्काने पिवळा पाया तयार करायचा, वर मिरचीच्या अर्काने लाली चढवायची, कारण नुसत्या झेंडूने पिवळं अजून पिवळं होतं पण नारिंगीकडे जात नाही. यात गैर काही नाही. आपल्या देशात झेंडूच्या अर्काचा मोठा धंदा आहे, दक्षिणेत शेतकऱ्यांशी करार करून झेंडू लावतात, पाकळ्या आंबवून सुकवून त्यांचा अर्क काढतात आणि तो जगभर जातो. मिरचीतही कर्नाटकची ब्याडगी रंगासाठीच नावाजलेली, तिखट कमी आणि रंग भरपूर. तिखट असती तरी कोंबडीला काही फरक पडला नसता, पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही, पण ते जाऊ दे.

झेंडू-मिरचीखेरीज सिंथेटिक रंगही आहेत, त्यातला कॅन्थाझॅन्थिन सगळ्यात माहितीतला. हाच रंग पूर्वी युरोप-अमेरिकेत कातडी तांबूस दिसावी म्हणून गोळ्यांमधून खायचे आणि जास्त खाणाऱ्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर त्याचे सोनेरी कण साचलेले सापडले, म्हणून युरोपियन युनियनने 2003 साली अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या फीडमधे त्याला किलोमागे 8 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अंड्यातून पोटात जाणारी मात्रा त्या गोळ्यांच्या तुलनेत फार बारीक आहे, घाबरून अंडी सोडायची काहीच गरज नाही, आणि मला कोणी हा लेख फॉरवर्ड करून खाली अंड्यात विष असं लिहिलेलं मुळीच चालणार नाही. 2017 मधे प्लास्टिकच्या अंड्यांची जी अफवा उठली होती ती आठवा, कोलकत्त्यापासून सुरू झाली आणि इंदूरपर्यंत लोक अंड्याचं कवच जाळून बघत होते, शेवटी एफएसएसएआयला, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याला, सांगावं लागलं की असलं अंडं बनतच नाही. मुद्दा विषाचा नाही, मुद्दा हा आहे की डोळ्यासाठी घातलेली गोष्ट ताकद म्हणून विकली जातेय.

डोळ्याचीच गोष्ट आहे हे बघायचं असेल तर युरोपात बघा. जर्मनीत गिऱ्हाइकाला 13-14 नंबरचं पिवळं लागतं, आयर्लंड-स्वीडनमधे लोक 8-9 वर खूश असतात, आणि आयरिश माणसं काही जर्मनांपेक्षा अशक्त राहिलेली नाहीत. कंपन्या त्या त्या देशाचा नंबर बघून रंग घालतात. आपल्याकडे हा नंबर गेल्या काही वर्षांत वर सरकलाय आणि तो आपण मागितला म्हणून नाही, आधी फोटो आला, मग आपल्याला वाटायला लागलं की असंच असतं.

आता देशी अंड्याकडे येऊ, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात. गावाकडच्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचं पिवळं गडद असतं हे खरंय, पण कधी, तर जेव्हा तिला हिरवं मिळतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने माळव्यात सगळीकडे हिरवं असतं, कोंबडी गवत टोचते, किडे खाते, मका मिळतो, तेव्हा पिवळं झकास. पण मे महिन्यात महू किंवा देपालपूरच्या बाजूला जाऊन बघा, जमीन भेगाळलेली, गवताची काडी नाही, कोंबडीला घरातली पांढरी ज्वारी, गव्हाचे दाणे आणि भाताची शितं मिळतायत, या कशातच तो रंग फारसा नाही, मग तिचं अंडं अगदी शंभर टक्के देशी असूनही आत फिकट लिंबासारखं निघतं. शहरातला माणूस ते बघून म्हणतो फसवलं, आणि पोल्ट्रीतलं 14 नंबरचं अंडं तपकिरी कवचात बघून म्हणतो हे खरं. कवचाचा रंग तर त्याहून बिनमहत्त्वाचा, तो कोंबडीच्या जातीवर असतो, पिंजऱ्यातली हायब्रीड कोंबडीसुद्धा तपकिरी अंडी देते, आणि पांढरी अंडी चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून देशी म्हणून विकल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात.

कडकनाथचं पण सांगून टाकतो, झाबुआ इथून काही लांब नाही आणि 2018 मधे त्याला जीआय टॅग मिळाल्यापासून इंदुरात त्याचं भलतंच कौतुक झालंय. कडकनाथचं काळेपण मेलॅनिनचं, ते त्याच्या जातीतच आहे, त्याचं शरीर ते स्वतः बनवतं, कातडी काळी, हाडं काळी, मांस काळं. पण अंडं काळं नसतं. कवच मलईसारखं किंवा फिकट तपकिरी आणि आत साधं पिवळं, आणि ते पिवळं किती गडद हे परत त्याने काय खाल्लं यावरच. काळ्या अंड्यांचे जे व्हिडिओ फिरतात त्यांना कृपा करून कडकनाथ म्हणू नका.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं आणि ते जरा वजनदार आहे. लोक म्हणतात, अहो निसर्गाने पिवळ्यात रंग ठेवलाय तो काय उगीच, तो आतल्या पिल्लासाठीच ना, जास्त रंग म्हणजे पिल्लू जास्त दणकट, आणि पिल्लाला चांगलं ते आपल्या पोरांना चांगलं. एका डब्यावर तर चक्क पिल्लाचं चित्र काढून हेच लिहिलेलं मी वाचलंय. तर हे नीट बघूच.

अमेरिकेत मिसुरीमधे पामर आणि केम्पस्टर या दोघांनी 1919 मधे एक प्रयोग छापला. त्यांनी कोंबड्यांना जवळपास अजिबात कॅरोटिनॉइड नसलेल्या खाण्यावर वाढवलं, पण सोबत थोडं डुकराचं लिव्हर दिलं. कोंबड्या नीट मोठ्या झाल्या, अंडी दिली, पिवळ्याला रंग जवळजवळ नव्हताच, आणि त्या बिनरंगी अंड्यांतून पिल्लं निघाली, चांगली धडधाकट. तेव्हा लोक गोंधळले, कारण त्याच सुमाराला असंही दिसत होतं की पिवळ्या रंगाच्या भाज्या खाल्ल्या की व्हिटॅमिन ए ची कमतरता जाते. कोडं सुटलं 1930 मधे, थॉमस मूर यांनी उंदरांवर दाखवलं की कॅरोटिन हा कच्चा माल आहे आणि शरीर त्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं. म्हणजे लिव्हरमधून व्हिटॅमिन ए थेट मिळालं असेल तर रंगाशिवाय अंडं आणि पिल्लू दोन्ही चालतात. आणि उलट बाजू भयंकर आहे, व्हिटॅमिन ए नसेल तर गर्भाच्या रक्तवाहिन्यांचं जाळंच नीट बनत नाही आणि तो पहिल्या तीन-चार दिवसांतच मरतो, पिवळं किती का नारिंगी असेना.

म्हणून हॅचरीवाला, ज्याचं पोटच 21 दिवसांनी किती पिल्लं निघाली यावर चालतं, तो पिवळ्याचा नंबर बघून ब्रीडर कोंबड्यांचं फीड ठरवत नाही. तो व्हिटॅमिन ए, ई आणि बी2 बघतो. बी2 कमी पडलं तर गर्भ अंड्यातच मरतात आणि त्यांच्या अंगावरचे मऊ केस गुठळ्या झाल्यासारखे वळलेले दिसतात, हे शिकलेला सुपरवायझर न फुटलेली अंडी फोडून ओळखतो. पिल्लू बाहेर यायच्या जरा आधी उरलेलं पिवळं पोटात ओढून घेतं, त्यावरच ते दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय काढू शकतं, आणि म्हणूनच खोक्यात भरून पिल्लं ट्रेनने-बसने लांब पाठवता येतात. त्या शिदोरीत फॅट आहे, प्रोटीन आहे, व्हिटॅमिनं आहेत, रंगसुद्धा आहे.

आणि रंगाचं काम काहीच नाही असंही मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. कॅरोटिनॉइड गर्भाच्या नाजूक पेशींना ऑक्सिजनच्या माऱ्यापासून थोडं सांभाळतात, आणि ज्यांच्या अंड्यात हे अगदीच नव्हतं ती पिल्लं पुढे चांगलं खायला मिळूनही अंगात हा रंग नीट साठवू शकत नाहीत असं दिसलंय. पण ही गोष्ट शून्य आणि काहीतरी यातल्या फरकाची आहे, 9 नंबर आणि 14 नंबरमधल्या फरकाची नाही. शिवाय आपण खातो त्या अंड्यात पिल्लू असतंच कुठे, लेयर फार्मच्या शेडमधे कोंबडाच नसतो, ते अंडं फळलेलंच नसतं, त्यावर पिल्लाचं चित्र काढणं हाच मुळात थापेबाजीचा भाग.

माशांचं उदाहरण तर मला याहून आवडतं, कारण तिथे रंगाने शास्त्रज्ञांनाही चकवलं असतं. बाल्टिक समुद्रातल्या साल्मन माशांची पिल्लं 1974 च्या सुमाराला स्वीडनच्या हॅचरीत अंड्यातून निघाल्यावर धडाधड मरायला लागली, त्या रोगाला नावच एम-74 पडलं. साल्मनची अंडी एरवी केशरी-लाल असतात, अॅस्टॅझॅन्थिन नावाचा रंग मादी तिच्या मांसातून काढून अंड्यांत भरते. ज्या माद्यांची पिल्लं मरत होती त्यांची अंडी फिकट होती. आता आपला डबेवाला तिथे असता तर म्हणाला असता, बघा, मी म्हणत नव्हतो, रंग द्या. पण खरं कारण निघालं थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी1, ते कमी पडलं होतं, आणि अंडी किंवा नुकती निघालेली पिल्लं थायमिनच्या पाण्यात बुडवून काढली की ती वाचायची. फिकटपण नुसतं सोबत आलेलं होतं. आणि दुसरीकडे उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर चिनूक साल्मनमधे काही मासे जन्मजातच पांढऱ्या मांसाचे असतात, रंग साठवणं त्यांना जमतच नाही, त्यांची अंडीही फिकी, तरी त्यांची पिढी नद्यांतून चाललीच आहे की.

पिंजऱ्यात वाढवलेल्या साल्मनचं मांस गुलाबी दिसावं म्हणून त्याच्याही फीडमधे रंग घालतात, त्याचाही पट्ट्यांचा पंखा आहे, आणि अमेरिकेत 2003 मधे मोठ्या सुपरमार्केट चेनवर लोकांनी केस ठोकल्या की रंग घातलाय हे तुम्ही लेबलवर लिहिलं नाही. नियम तिथे आधीपासून होता, पाळत नव्हते. आज तिथल्या साल्मनवर रंग घातल्याचं लिहिलेलं असतं, लोक वाचतात आणि तरी घेतात, कोणाचा धंदा बुडाला नाही. माशाला जे लावता येतं ते अंड्याला का नाही?

आपल्याकडचे रोहू-कटला बघितले तर तिथे रंगापेक्षा दुसरीच गोष्ट बघतात. हॅचरीत मादीची अंडी फळली की ती काचेसारखी पारदर्शक होतात आणि मेलेली दुधाळ पांढरी पडतात, तेवढं बघूनच किती टक्के साधलं ते सांगतात. पावसाळ्याच्या पाण्यात पंधरा-अठरा तासांत मत्स्यजिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, बाहेर येतात, पोटाला पिवळ्याची पिशवी लटकलेली, ती साधारण तीन दिवस पुरते, मग तोंड उघडतं आणि खायला द्यावं लागतं. ते देण्यात एक दिवस चुकला तर बीज मरतं. मत्स्यबीज घेणाऱ्याने हे विचारावं, पिशवी किती गडद होती हे नाही.

मग पिवळ्याचा रंग बघायचाच नाही का? बघायचा की, पण भलत्याच गोष्टीसाठी. निमाड हा कापसाचा भाग, सरकीची पेंड स्वस्त मिळते, आणि कोणी ती शुद्ध न करता भरपूर घातली तर त्यातल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्यामुळे अंडी साठवणीत असताना पिवळं हिरवट-तपकिरी पडतं, आणि तिच्यातल्याच काही फॅटी ॲसिडमुळे पांढऱ्याला कधी गुलाबी झाक येते. ब्रॉयलरला कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगासाठी देतात ते निकार्बाझिन औषध चुकून लेयरच्या फीडमधे गेलं तर पिवळ्यावर ठिपके-डाग येतात, तपकिरी कवच फिकं पडतं, आणि ब्रीडर असतील तर पिल्लं निघणंच कमी होतं. हे रंग खरंच काहीतरी सांगतात, फीडमिलमधे काहीतरी गडबड झाली हे सांगतात. पण अशा डागाळलेल्या पिवळ्याचा फोटो ग्रुपवर कोणी टाकत नाही, आणि टाकला तरी त्याच्याखाली काहीतरी भलतंच लिहिलेलं असतं. उलट पांढऱ्यात जरा हिरवट झाक दिसली की लोक अंडं फेकून देतात, ती बहुतेक वेळा बी2 चांगलं असल्याची खूण असते. आणि उकडलेल्या अंड्यात पिवळ्याभोवती जे करडं-हिरवं कडं येतं ते तुम्ही गॅसवर विसरलात म्हणून, त्यात कोंबडीचा काही दोष नाही.

आता यात पैशाची बाजू बघा, ती मला सगळ्यात जास्त खुपते. गेल्या काही वर्षांत मका इथेनॉलकडे वळायला लागलाय आणि महाग झालाय, त्यामुळे फीडवाले तांदळाची कणी, बाजरी, ज्वारी असं जे स्वस्त पडेल ते घालतात. सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, आपल्या माळव्यातच बनते, प्रोटीन तिच्यातून येतं, पण तिला रंग नाही. कणी वाढवली की पिवळं फिकं. अंड्यातलं प्रोटीन तेच, सहा ग्रॅमच्या आसपास, कोलीन तेच, व्हिटॅमिनं प्रीमिक्समधून घातलेली. शेतकऱ्याचा खर्च वाचू शकला असता आणि तुम्हाला स्वस्त अंडं मिळू शकलं असतं, पण व्यापारी म्हणतो माल फिका आहे, भाव कमी लागेल. अंड्यांचे भाव काढणाऱ्या एनईसीसी या समितीचा रोजचा रेट शेकड्यावर निघतो, त्यात रंगाचा कॉलम नाही, अॅगमार्क या सरकारी शिक्क्याच्या ग्रेडिंगमधे वजन, कवच, आतली हवेची जागा, पिवळं मधोमध आहे का हे बघतात, पण बाजारात मात्र रंगाचा भाव लागतो. मग छोटा पोल्ट्रीवाला वाचवलेले पैसे रंगाच्या पुडीवर घालवतो. सगळी साखळी धावतेय ती एका अशा गोष्टीसाठी जी ऑम्लेट घोटल्यावर दिसतही नाही. छप्पन दुकानवर बेंजो, म्हणजे बनमधलं ऑम्लेट, खाताना कोणी विचारलंय का, भिया, पिवळं किती नंबरचं?

याच शहरापासून तासा-दोन तासाच्या अंतरावर अंगणवाडीत अंडं द्यायचं की नाही यावर वर्षानुवर्षं राजकारण चाललंय. 2015 मधे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी नाही म्हटलं, 2019 मधे कमलनाथ सरकारच्या मंत्री इमरती देवी यांनी देऊ म्हटलं, मग सरकारच गेलं. एनएफएचएस-5 या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची 35.7 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. शाकाहाराचा वाद मी इथे काढत नाही, त्यावर वेगळं लिहावं लागेल, पण ज्या दिवशी या राज्यात पोरांच्या ताटात अंडं जाईल त्या दिवशी ते 7-8 नंबरचं फिकट, ठेल्यावरचं साधं अंडं असणार आहे, आणि तेव्हा कोणी फोटो काढून सरकारने पोरांना नकली अंडी दिली अशी ओरड करू नये. मला भीती आहे की करतील, कारण नारिंगी म्हणजे खरं हे आपण स्वतःच डोक्यात भरून घेतलंय.

ल्युटिन डोळ्यांना चांगलं, हा मुद्दा कोणीतरी काढेलच, तर तो बरोबरच आहे. अंड्यातलं ल्युटिन फॅटसोबत असल्यामुळे शरीराला चांगलं लागतं. पण एका साध्या अंड्यात ते एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं आणि शंभर ग्रॅम पालकात दहाच्या वर असतं, वरून तुपाची फोडणी घातली की तेही बऱ्यापैकी लागतं. आणि लाली तर ल्युटिनची नाहीच, ती मिरचीची किंवा कॅन्थाझॅन्थिनची. ज्याला ल्युटिनचा दावा करायचाय त्याने अंड्यामागे किती मिलिग्रॅम ते मोजून छापावं, मी पहिला विकत घेईन.

तर मागणी अशी आहे. ऑरगॅनिक म्हणायचं तर सरकारमान्य लोगो आणि सर्टिफिकेट लागतं, तसं रंगाचं करा. डब्यावर फोडलेल्या अंड्याचा फोटो असेल, गडद, सोनेरी, केशरी असला शब्द असेल, किंवा रंगावरून देशीपणा, ताकद असलं काही सुचवलं असेल, तर त्याच बाजूला, वाचता येईल एवढ्या अक्षरात, फीडमधे रंग घातला आहे आणि तो झेंडूचा, मिरचीचा की सिंथेटिक, हे हिंदीत आणि इंग्रजीत छापलं पाहिजे. रंग घातला नसेल तर तसं छापायची मुभा. महूच्या व्हेटरनरी कॉलेजने बाजारातून डबे उचलून दर काही महिन्यांनी तपासावेत आणि निकाल पेपरात द्यावेत, त्यासाठी लागणारं डोकं आणि यंत्रं दोन्ही अशा कॉलेजात नसतील तर कुठे असतील.

पोल्ट्रीवाले म्हणतील याने खर्च वाढेल. कुठला खर्च? कुठल्या टनात कुठला रंग किती ग्रॅम पडला याचा कागद फीडमिलकडे प्रत्येक बॅचचा असतो, मी स्वतः असे कागद भरलेत, खाली सही असते, तारीख असते. डब्याचं डिझाइन तर हे लोक दर दिवाळीला नवीन छापतात, एक ओळ वाढवायची आहे. मोठे ब्रँड कुरकुर करतील कारण त्यांचा सगळा जादा भावच त्या फोटोवर उभा आहे, छोट्यांना उलट फायदा आहे, त्यांना रंगाच्या पुडीशिवाय फिकट अंडं ताठ मानेने विकता येईल. आणि सरकारने काही करेपर्यंत निदान एवढं करा की पुढच्या वेळी डबा हातात घेतलात की दुकानदाराला विचारा, फीडमधे रंग कुठला आहे. त्याला माहीत नसणार, तो डिस्ट्रिब्युटरला फोन लावेल, डिस्ट्रिब्युटर कंपनीला लावेल, आणि महिन्यात शे-दीडशे असे फोन गेले तर कंपनीला उत्तर तयार ठेवावंच लागेल.